डेन्व्हरच्या दोन वाहिन्या आणि ‘लोकल टीव्ही’ नावाची कंपनी

सी-१०४ : नमस्कार. २०१० साली मी मुलाकडे अमेरिकेत डेन्व्हरला पाच महिने होते. तेथे वाहिनी २ आणि वाहिनी ३१ या दोन्हींवर तोच वार्ताहर, त्याच बर्फाच्या ढिगाऱ्यापुढे उभा राहून बातमी सांगताना मी अनेकदा पाहिला. ३१ वर फॉक्स या देशव्यापी दूरचित्रवाणी कंपनीचे नाव असे. परंतु मुलगा म्हणाला की मालक फॉक्स नाही, ‘लोकल टीव्ही’ नावाची कंपनी आहे. आता त्या कंपनीचे नाव कोठेच दिसत नाही. ग्रुपवर कोणास माहिती असल्यास कृपया लिहावे.

बी-५०२ : ताई, ती कंपनी २००७ ते २०१३ एवढीच जगली, तेव्हा नाव दिसत नाही यात नवल नाही. बँकेत मोठ्या कर्जांच्या विभागात नोकरी झाल्यामुळे असे व्यवहार वाचण्याची खोड मला अजून आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

न्यूयॉर्क टाइम्स कंपनीकडे वृत्तपत्रांच्या जोडीला नऊ दूरचित्रवाणी केंद्रे होती. त्यांतले मेम्फिसचे तर १९७१ पासून. वृत्तपत्र आणि इंटरनेट यांवरच लक्ष द्यायचे ठरवून कंपनीने ती विक्रीस काढली आणि टेक्ससचे धनिक रॉबर्ट बास यांच्याशी संबंधित असलेल्या ओक हिल कॅपिटल पार्टनर्स या गुंतवणूक संस्थेने मे २००७ मध्ये ती ५७.५ कोटी डॉलरना घेतली. ही केंद्रे ज्या कंपनीच्या नावावर ठेवली, तीच लोकल टीव्ही. जुलै २००८ मध्ये तिने फॉक्सची तेव्हाची मालक असलेल्या न्यूज कॉर्पोरेशनकडून आणखी आठ केंद्रे सुमारे ११० कोटी डॉलरना घेतली, आणि त्यांत क्लीव्हलंड, सेंट लुईस, मिलवॉकी यांच्याबरोबर तुमचे डेन्व्हरही आले. ३१ वरची पाटी फॉक्सची राहिली, कारण कार्यक्रम त्यांच्याकडून येत. सातबारा मात्र दुसऱ्याच्या नावावर चढला होता.

ए-२०३ : काका, नावात ‘लोकल’ आणि पैसा गुंतवणूक संस्थेचा, हे काही पटत नाही.

बी-५०२ : मलाही गंमत वाटली होती. कंपनीची कचेरी केंटकी राज्यात, सिनसिनाटी शहराजवळ होती आणि केंटकीत त्यांचे एकही केंद्र नव्हते. गावाची बातमी गावातलीच माणसे करीत होती, एवढे मात्र खरे.

आता तो बर्फापुढचा वार्ताहर. वाहिनी २ ट्रिब्यून या वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी केंद्रे चालवणाऱ्या कंपनीची होती. लोकल टीव्हीचे पहिले प्रमुख रँडी मायकल्स हे ट्रिब्यूनमध्ये गेले आणि दोन्ही कंपन्यांनी कामे वाटून घेण्यासाठी तिसरी कंपनी काढली, तिचे नाव ‘द अदर कंपनी’. नाव शोधण्याचा एवढा कंटाळा मी अन्यत्र पाहिलेला नाही! पुढे डेन्व्हर आणि सेंट लुईस येथे दोघांची केंद्रे एका छताखाली आली, बातम्यांचा विभाग एक झाला. मालक दोन, स्वयंपाकघर एक.

ए-२०३ : पण जुलै २००८ म्हणजे मंदीच्या तोंडावर केलेली खरेदी. त्यात फायदा झाला का?

बी-५०२ : प्रश्न अगदी योग्य आहे. खरेदीनंतर दोनच महिन्यांत लेहमन ब्रदर्स ही मोठी गुंतवणूक बँक कोसळली आणि डिसेंबरात खुद्द ट्रिब्यूनने दिवाळखोरीचा अर्ज केला. लोकल टीव्ही तरली, याची माझ्या मते दोन कारणे आहेत. केबल कंपन्यांना या केंद्रांचे प्रक्षेपण दाखवण्यासाठी द्यावे लागणारे शुल्क त्या काळात चढत गेले. आणि ओहायो, कोलोरॅडो, आयोवा, व्हर्जिनिया अशा अटीतटीच्या राज्यांत कंपनीची केंद्रे असल्यामुळे निवडणुकीच्या जाहिरातींचा पैसा मिळाला. दिवाळखोरीतून २०१२ च्या अखेरीस बाहेर पडलेल्या त्याच ट्रिब्यूनने जुलै २०१३ मध्ये लोकल टीव्हीची १९ केंद्रे २७३ कोटी डॉलरना घेण्याचे जाहीर केले. कर्ज काढून फ्लॅट घ्यायचा, भाड्यातून हप्ते फेडायचे आणि भाव चढला की विकायचा, असा हा हिशेब होता. राहायला येण्याचा विचार पहिल्या दिवसापासून नव्हता असे मला वाटते, आणि टाइम्सच्या छत्तीस वर्षांपुढे ही सहा वर्षे म्हणूनच मला भाडेकरूसारखी दिसतात.

डी-६०१ : परवान्यांचे काय झाले? आपल्याकडे साधा फ्लॅट विकतानाही सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र मागतात.

बी-५०२ : तेथेही परवाना नावावर होण्यासाठी संघीय दळणवळण आयोगाची संमती लागते. एकाच परिसरात वृत्तपत्र आणि दूरचित्रवाणी केंद्र एका मालकाकडे नसावे असा १९७५ पासूनचा नियम होता, आणि ट्रिब्यूनची वृत्तपत्रे व्हर्जिनियात आणि पेनसिल्व्हेनियात होती. म्हणून नॉर्फोकची दोन आणि स्क्रँटनचे एक, अशा तीन केंद्रांचे परवाने ‘ड्रीमकॅचर ब्रॉडकास्टिंग’ या नव्या कंपनीच्या नावे केले. तिचे मालक एड विल्सन हे ट्रिब्यूनचेच जुने अधिकारी, आणि केंद्रांना लागणाऱ्या सेवा ट्रिब्यूनच पुरवणार. हा प्रकार आपल्या सभासदांना समजावून सांगण्याची गरज नसावी. २७ डिसेंबर २०१३ रोजी व्यवहार पूर्ण झाला आणि लोकल टीव्ही संपली.

सी-१०४ : आभारी आहे, काका. मग आता त्या दोन वाहिन्या कोणाच्या?

बी-५०२ : ट्रिब्यूनला २०१९ मध्ये नेक्सस्टार या दुसऱ्या दूरचित्रवाणी कंपनीने घेतले, तेव्हा २ आणि ३१ दोन्ही तिच्याकडे गेल्या. मुलाला आज विचारून पाहा. ३१ चा मालक बहुधा तोही फॉक्सच सांगेल.