मदत हवी आहे: रेडिंगमधील आमचे घर पूर्वी पब होते, त्याचे नाव कसे शोधावे?

नमस्कार. इंग्लंडमधील रेडिंग येथे आम्ही गेल्या वर्षी एका रांगेतले अगदी कोपऱ्यावरचे घर घेतले. रस्ते मिळतात तेथे भिंतीचा कोपरा तिरका कापलेला आहे आणि दार बुजवलेल्या विटांचा रंग आजही वेगळा दिसतो. तळघरात पिंपे घरंगळत सोडण्याची लाकडी उतरण शाबूत असून तिच्या दोन्ही कडा हाताला गुळगुळीत लागतात. येथे पब होता यात शंका नाही. नाव मात्र कोणालाच आठवत नाही.

१९११ च्या जनगणनेचा तक्ता कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या हाताने भरलेला असतो. आमच्या घराच्या तक्त्यावर वळणदार अक्षरात ‘बिअर रिटेलर’ एवढेच आहे. पत्नीच्या व्यवसायाचा रकाना कोरा आहे. गिऱ्हाइकांना बिअर देण्यात तिचाही हात असणार, म्हणून तो कोरा रकाना मला फार लागला. केलीच्या व्यापारी निर्देशिकेतही त्या गृहस्थांच्या नावापुढे तेच दोन शब्द आहेत.

अडचणीचे मूळ १८३० च्या बिअरहाउस कायद्यात असावे. त्या कायद्याने करदात्या कुटुंबप्रमुखाला दोन गिनी भरून, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे न जाता, राहत्या घरी बिअर विकण्याचा परवाना मिळू लागला. अशा दुकानांची नोंद निर्देशिकांत बहुधा विक्रेत्याच्या नावानेच होई. १८६९ पासून हे परवाने पुन्हा दंडाधिकाऱ्यांच्या हाती गेले. त्यामुळे त्यानंतरच्या परवाना नोंदवहीत पबचे नाव सापडेल, अशी मला आशा आहे.

आपल्याकडे सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढली की मालकीचा माग लागतो. येथे जमीन नोंदणी झाल्यावर जुनी खरेदीखते पुष्कळदा टाकून दिली गेली आणि आमचीही मिळाली नाहीत.

ज्यांनी इंग्लंडमध्ये असा शोध घेतला आहे, त्यांना विचारावेसे वाटते की काउंटीच्या अभिलेखागारात परवाना नोंदवह्या मागताना रस्त्याचे नाव पुरते, की परवानाधारकाचेही द्यावे लागते? १९०४ च्या कायद्यानुसार जादा ठरवलेले पब भरपाई देऊन बंद केले जात; त्या भरपाईच्या कागदांत नाव आणि मालक ब्रुअरी दोन्ही असतात का? तसेच १९१० च्या जमीन मूल्यांकनाच्या, लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवलेल्या वह्यांत घराच्या खोल्यांचे वर्णन कोणी पाहिले आहे का? नाव सापडले, तर ते त्या बुजवलेल्या दारावर पुन्हा रंगवून घ्यायचे आम्ही ठरवले आहे.