सोतेर्न गुलाबजामबरोबर आंबट का लागते?

वेलदोडा:
घरात सोतेर्न या फ्रेंच गोड व्हाइट वाइनची ३७५ मिलीची बाटली आहे. नुसती प्यायली तर मधासारखी, गुलाबजामबरोबर मात्र चक्क आंबट आणि पाणचट. बाटली बिघडली आहे की जोडी चुकली? आणि गोड वाइनमध्ये गोडीखेरीज पाहायचं काय?

द्राक्षवेल:
बाटली ठीक आहे, जोडी चुकली. सोतेर्नमध्ये लिटरला साधारण १२० ते १५० ग्रॅम साखर असते, पाकात त्याच्या कितीतरी पट. पाकाने जीभ सरावली की वाइनची साखर जाणवतच नाही, उरतं ते आम्ल आणि अल्कोहोल. पदार्थ वाइनपेक्षा कमी गोडच हवा. पुरणपोळी, जिलेबी, बासुंदी हिच्यासमोर नकोतच. खारट घ्या. फ्रान्समध्ये रोकफोर हे निळ्या बुरशीचं चीज घेतात. आपल्याकडे खारे काजू किंवा खारी शंकरपाळी चालेल.

फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं थांबा, १० अंशांच्या आसपास येऊ द्या. फार गार असली तर वास मिटतो, कोमट झाली तर गोडी अंगावर येते. ६० मिली पुरे, पण ग्लास व्हाइट वाइनचा घ्या, इवलासा नको. वासात जर्दाळू, संत्र्याचा मुरंबा, मध, केशर शोधा. मग घोट पाचेक सेकंद तोंडात फिरवून गिळा. जबड्याच्या कडांनी लाळ सुटली तर आम्ल भक्कम आहे. नुसता चिकटपणा राहिला तर तो पाकच, कितीही महाग असो.

तो वास येतो बोट्रायटिस बुरशीमुळे. सोतेर्न भागात सिरों ही थंड पाण्याची छोटी नदी कोमट गारोन नदीला मिळते, तिथे शरद ऋतूत पहाटे धुकं धरतं. ओलाव्याने बुरशी वाढते, साल सच्छिद्र होते आणि दुपारच्या उन्हात आतलं पाणी उडून साखर, आम्ल दोन्ही दाट होतात. ऊन पडलंच नाही तर तीच बुरशी घड सडवते. सगळे मणी एकदम तयार होत नाहीत, म्हणून तोडणीवाले एकाच वेलीकडे अनेकदा येतात. किंमत वाढते ती इथे.

तळघर:
एक भर. सगळी गोडी बुरशीची नसते. पोर्ट या पोर्तुगालच्या वाइनमध्ये आंबवण चालू असतानाच ७७ टक्के अल्कोहोलचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात. यीस्ट मरतं, साखर उरते, अल्कोहोल १९ ते २२ टक्के. गोव्यात 'पोर्ट' म्हणून मिळणारी स्वस्त गोड लाल वाइन पोर्तुगालच्या दोउरो खोऱ्यातली नव्हे; तिच्यावरून पोर्टबद्दल मत बनवू नका. जर्मन आइसवाइनसाठी द्राक्षं वेलीवरच उणे ७ अंशांखाली गोठलेली लागतात. हंगेरीच्या तोकाय आसू या गोड वाइनला २०१३ पासून लिटरला किमान १२० ग्रॅम साखर सक्तीची आहे.

जर्मन वाइनच्या लेबलावरचा 'श्पेटलेझे' शब्द फसवतो. तो तोडणीच्या वेळी द्राक्षात साखर किती होती ते सांगतो, बाटलीत किती उरली ते नाही. अल्कोहोलचा आकडा बघा: रीझलिंग या द्राक्षाची जर्मन व्हाइट वाइन ८ टक्क्यांची असेल तर गोड, १२-१३ असेल तर बहुधा कोरडी. तिखट रश्शाबरोबर ८ वालीच घ्या, जास्त अल्कोहोलने तिखट आणखी भडकतं.

वेलदोडा:
उरलेली किती दिवस टिकेल? तळाशी साखरेचे खडे दिसतात, तेही सांगा.

द्राक्षवेल:
खडे साखरेचे नाहीत. थंडीने टार्टारिक आम्लाचा क्षार खाली बसतो, निरुपद्रवी असतो. सावकाश ओतलं की झालं. बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, आठवडाभर चांगली राहते. लाकडी पिंपात मुरलेली टॉनी पोर्ट महिनाभर, बाटलीत मुरलेली व्हिंटेज पोर्ट दोन-तीन दिवस. मोस्कातो दास्ती ही इटलीची बुडबुड्यांची गोड वाइन त्याच दिवशी संपवा, बुडबुडे गेले की तिच्यात मजा नाही. सोनेरी रंग वयाने तांबूस झाला तर हरकत नाही. नेलपॉलिशसारखी किंचित झाक बोट्रायटिसच्या वाइनमध्ये असतेच, पण जर्दाळू, मध सगळं बुडून फक्त व्हिनेगरच येऊ लागलं तर ओतून द्या.