मदत हवी आहे: मॉरिशसमध्ये गटाराची तक्रार कोणाकडे न्यायची?

नमस्कार मंडळी. माझी मावसबहीण मॉरिशसला ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. घरासमोरचं गटार तुंबलंय, पाऊस आला की पाणी थेट ओट्यावर. तिथे गावातून नऊ सदस्य निवडून येतात आणि तेच आपल्यातून अध्यक्ष ठरवतात. आपल्यासारखा थेट सरपंच नाही. अध्यक्ष भला माणूस, पण म्हणतो, "आमच्याकडे समाजमंदिर आणि मैदान, बाकी जिल्हा परिषद." तिथे गावाचा एक प्रतिनिधी बसतो म्हणे. मग आधी त्याला गाठायचं की परिषदेत लेखी अर्जच द्यायचा? अर्ज फ्रेंचमध्ये लागतो की इंग्रजी चालतं? तिथल्या कोणा मराठी माणसाने हे केलंय का?