उन्हाळ्यात टायरमधील हवा कमी ठेवावी का? कार आणि संत्र्याच्या ट्रॉलीविषयी प्रश्न

संत्रामळा

नमस्कार मंडळी. मी नागपुरात राहतो आणि काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे. मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी फुलणारा, माल फेब्रुवारीपासून ट्रॅक्टर-ट्रॉलीने कळमना बाजारात आणावा लागतो, आणि मे महिन्यात कुटुंबासह कारने समृद्धी महामार्गावरून शिर्डीला जाण्याचा विचार आहे. दोन्ही वाहनांच्या टायरविषयी इतके परस्परविरोधी सल्ले मिळाले आहेत की अखेर येथे विचारावेसे वाटले.

कारच्या दाराच्या खांबावरील पट्टीवर ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) असे लिहिलेले आहे. आमच्या भागातील पंक्चरवाले मात्र म्हणतात की नागपूरच्या उन्हात हवा आपोआप वाढते आणि टायर फुटतो, म्हणून एप्रिल ते जून २८ च्या वर जाऊच नये. दुसऱ्या एका दुकानात नायट्रोजन भरला की काळजीच मिटते असे सांगण्यात आले. शिवाय मागच्या डाव्या टायरमध्ये अगदी कडेला, म्हणजे नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते तिथे, खिळा घुसला होता. तिथे स्ट्रिप, म्हणजे बाहेरून छिद्रात ठासायची चिकट रबरी पट्टी, लावली आहे, पण हवा हळूहळू उतरते. त्यावर ‘ट्यूब टाकून देतो’ हा तोडगा सुचवला गेला.

ट्रॉली दोन चाकांची आहे. तिचे टायर रिमोल्ड केलेले (जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेले) असून खाचा भरपूर खोल आहेत, परंतु बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा दिसतात. हंगाम संपला की ती बागेतच उघड्यावर उभी असते. रबर एवढे शिल्लक असताना टायर बदलणे म्हणजे उधळपट्टी, असे घरातील वडीलधाऱ्यांचे मत आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त यंत्रज्ञ

भाऊ, २८ चा सल्ला मानू नका. हा समज विदर्भात फार खोलवर रुजलेला आहे आणि वरवर पाहता पटतोही, कारण उन्हात हवेचा दाब वाढतो ही गोष्ट खरीच आहे. पण तो किती वाढतो, हे कोणी मोजून पाहत नाही. कारच्या टायरमध्ये तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले तर दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. गाडी तासभर वेगाने चालल्यावर ३३ चे ३७-३८ झालेले दिसतात आणि पट्टीवरचा आकडा ठरवतानाच उत्पादकाने ही वाढ गृहीत धरलेली असते. चांगल्या अवस्थेतील टायर एवढ्या वाढीने फुटत नाही.

टायर फुटतो तो बहुधा त्याच्या आतच तयार होणाऱ्या उष्णतेमुळे, आणि त्या उष्णतेचे मोठे कारण म्हणजे कमी हवा. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजूची भिंत अधिक वाकते आणि पुन्हा सरळ होते. तार हातात धरून वारंवार वाकवली की वाकण्याची जागा गरम होते, तेच येथे मिनिटाला शेकडो वेळा घडत असते. ही उष्णता रबर आणि आतील दोऱ्या किंवा पोलादी तारा यांच्यातील जोड हळूहळू सैल करते आणि मग एखाद्या क्षणी नक्षीचा पट्टा सुटतो किंवा भिंत फाटते. म्हणजे जो उपाय टायर वाचवण्यासाठी केला जातो, तोच त्याला आतून भाजतो. बाहेरचे ऊन या भट्टीत भर घालते, हे मान्य. पण म्हणूनच उन्हाळ्यात हवा पूर्ण असणे हिवाळ्यापेक्षाही अधिक गरजेचे ठरते.

समृद्धीवर हा फरक अधिक जाणवतो. शहरात आपण दर दोन मिनिटांनी थांबतो, त्यामुळे टायरला थोडी उसंत मिळते. नागपूरजवळच्या शिवमडक्याहून शिर्डीपर्यंतच्या सुमारे ५२० किलोमीटरांत मात्र सिग्नल नाही, चौक नाही, आणि कारसाठी ताशी १२० ची मर्यादा असल्याने बहुतेक जण तासन्‌तास त्याच वेगाने जातात. अशा वेळी उष्णता साठतच जाते. टायर फुटण्याचा सगळा दोष या रस्त्याच्या काँक्रीटच्या माथी मारण्याची पद्धत पडली आहे, पण त्याच काँक्रीटवरून नीट टायरची असंख्य वाहने सुखरूप जातात, ही बाब विसरली जाते.

हवा मोजायची ती थंड टायरमध्येच. गाडी किमान तीन तास उभी असावी, म्हणजे सकाळी निघण्यापूर्वीची वेळ उत्तम. पेट्रोल पंप दूर असेल तर घरीच साध्या गेजने दाब पाहून घ्यावा. समजा गेजवर २९ दिसले आणि ३३ पाहिजेत, तर पंपावर पोहोचेपर्यंत टायर तापून यंत्र जो काही आकडा दाखवील त्यात चारची भर घालून घ्यावी. वाटेत थांबल्यावर आकडा वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नये, कारण ती सोडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेचाच असतो. महिन्यातून एकदा तपासणी पुरते, परंतु ऋतू बदलताना अवश्य करावी: मे महिन्यातील ३० अंशांच्या पहाटे ३३ भरलेला टायर जानेवारीतील १० अंशांच्या पहाटे, काहीही गळती नसताना, ३० च्या आसपास आलेला असतो.

आणखी दोन गोष्टी. पट्टीवर अनेकदा कमी भार आणि पूर्ण भार असे दोन आकडे असतात. पाच माणसे आणि सामान घेऊन जात असाल तर पूर्ण भाराचा आकडा पाळा. टायरच्या भिंतीवर ४४ किंवा ५१ असा जो आकडा कोरलेला असतो तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो, तुमच्या गाडीसाठीची शिफारस नव्हे. आणि स्टेपनीची हवा तपासायला विसरू नका. तिची आठवण बहुतेकांना रस्त्याच्या कडेला उभे राहिल्यावरच होते.

खिळ्याबद्दल स्पष्टच सांगतो. दुरुस्ती फक्त नक्षीच्या मधल्या भागात आणि सहा मिलिमीटरपर्यंतच्या छिद्राची करतात, तीही टायर उतरवून आतून मशरूम पॅच (छत्रीच्या आकाराचे रबरी ठिगळ) लावून. खांद्याचा (नक्षी आणि भिंत जुळते तिथला) आणि भिंतीचा भाग सतत वाकत असल्याने तिथली दुरुस्ती टिकत नाही. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालण्याचा सल्ला तर मुळीच ऐकू नका, कारण दोन्हींच्या घर्षणाने उष्णता वाढते आणि ट्यूब फुटली की व्हॉल्व्हच्या छिद्रातून हवा एकदम निघून जाते. तो टायर शिर्डीच्या प्रवासापूर्वी बदलाच.

धंतोलीकर

यंत्रज्ञ साहेबांचा अनुभव मोठा आहे, तरी थोडा मतभेद नोंदवतो. मी कित्येक वर्षे उन्हाळ्यात हवा तीन-चार पीएसआय कमी ठेवतो, गाडी खड्ड्यांवर मऊ चालते आणि आजवर टायर फुटलेला नाही. माझ्या गाडीत टायरच्या दाबाची सूचना देणारा दिवाही आहे. तो कधी लागला नाही. नायट्रोजन भरल्यापासून तर दाब स्थिर राहतो, असे दिसते.

निवृत्त यंत्रज्ञ

धंतोलीकर, तुमचा वापर बहुतांश शहरातला असेल तर टायर टिकले यात नवल नाही. त्याच टायरला ताशी १२० वर भरलेल्या गाडीसह चार तास पळवणे ही वेगळी परीक्षा आहे. नक्षीच्या दोन्ही कडा मधल्या भागापेक्षा जास्त झिजल्या आहेत का, ते मात्र एकदा पाहा. कमी हवेची ती खूण असते. दिव्याचे म्हणाल तर अनेक गाड्यांत तो दाब सुमारे एक चतुर्थांशाने घसरल्यावरच लागतो, म्हणजे ३३ च्या टायरमध्ये २५ च्या आसपास. २८ वर तो गप्पच राहणार.

नायट्रोजनचे नुकसान काही नाही, पण आपण भरतो त्या साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि तापल्यावर दोन्हींचा दाब जवळपास सारखाच वाढतो. नायट्रोजन कोरडा असतो आणि थोडा हळू झिरपतो, इतकाच लाभ. फुकट मिळाला तर घ्या. त्याच्या भरवशावर तपासणी सोडू नका.

वाडीनाका

माझे काम ट्रक आणि ट्रॉलीच्या टायरचे असल्यामुळे ट्रॉलीपुरते लिहितो.

रिमोल्ड टायर वाईट असतो असे नाही. ट्रॉलीच्या चाकांना तो चालतो. ट्रकच्या पुढच्या, म्हणजे स्टिअरिंगच्या चाकांना आम्ही तो लावू देत नाही. परंतु रिमोल्ड करताना नवीन होते ती फक्त वरची नक्षी. बाजूची भिंत आणि आतला सांगाडा जुनाच राहतो, म्हणून खाच खोल आहे यावरून टायर तरुण आहे असे मानणे ही मोठी फसगत आहे. शेतातील ट्रॉली वर्षातले कितीतरी महिने एकाच जागी उभी असल्याने तिचा टायर झिजून मरत नाही, वाळून मरतो. ऊन आणि हवेतील ओझोन रबराला कडक करतात. चालत्या टायरमध्ये रबरातील संरक्षक मेण पृष्ठभागावर येत राहते, उभ्या टायरमध्ये ते येत नाही. तुम्हाला दिसणाऱ्या भेगा याच आहेत.

भेगा केसासारख्या बारीक आणि वरवरच्या असतील तर लक्ष ठेवून एखादा हंगाम काढता येईल. मात्र नखाचे टोक आत जात असेल, भेगेच्या तळाशी दोरा दिसत असेल, किंवा भिंतीवर कुठे फुगा आला असेल, तर त्यावर माल लादू नका. भिंतीला आतून गेटर (जाड ठिगळ) लावून देणारे आमच्याच धंद्यात पुष्कळ आहेत. रिकामी ट्रॉली घरी नेण्यापुरते ते ठीक, भरलेल्या ट्रॉलीला नाही.

टायरचे वय भिंतीवरच लिहिलेले असते. डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार आकडे पाहा. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. हे आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात आणि नेमकी तीच बाजू आत बसवलेली असते, म्हणून बॅटरी घेऊन ट्रॉलीखाली वाकावे लागेल. अनेक वाहन-उत्पादक सहा वर्षांनंतर टायर बदलण्यास सांगतात, आणि टायर कितीही चांगला दिसला तरी दहा वर्षांपलीकडे वापरू नये असे टायर बनवणारेही सांगतात.

हवेच्या बाबतीत ट्रॉलीवाल्यांची सवय अशी की टायरवर रॉड आपटायचा आणि आवाजावरून ठरवायचे. त्या आवाजावरून टायर साफ बसला आहे एवढेच कळते. दहा-वीस पीएसआयची कमतरता कळत नाही. गेज वापरा आणि टायरवर छापलेल्या भाराप्रमाणे हवा भरा. दोन चाकांच्या ट्रॉलीचा काही भार हुकातून ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवरही येतो, म्हणून नांगरणीसाठी ठेवलेल्या कमी हवेवरच भरलेली ट्रॉली डांबरी रस्त्याने ओढत नेऊ नका. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत शेतासाठी आणि वाहतुकीसाठी वेगवेगळा दाब दिलेला असतो. कॅरेट रचतानाही सगळे वजन मागे गेले तर हूक वर उचलला जातो आणि एका बाजूला गेले तर त्या बाजूचा एकटा टायर क्षमतेबाहेरचा भार वाहतो.

एक धोका फारसे कोणी सांगत नाही. ट्रॉलीच्या रिमला बाहेरून बसवायची लॉक रिंग (टायर रिमवर अडकवून धरणारे पोलादी कडे) असेल तर पंक्चर काढताना आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडावी, आणि भरताना रिंग खाचेत नीट बसली आहे हे पाहून बाजूला उभे राहावे, समोर कधीही नाही. उडालेल्या रिंगने माणसे दगावतात. घरच्या कॉम्प्रेसरवर मुलांना हे काम करू देऊ नका. चाक बसवल्यानंतर पन्नास-शंभर किलोमीटरांत नट पुन्हा एकदा आवळून घ्या.

दावेपत्र

विमा दाव्यांच्या कामात असल्याने एकच मुद्दा जोडतो. टायर फुटणे ही दैवी आपत्ती असल्याचा विमा कंपनीचा युक्तिवाद मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका अपघाताच्या प्रकरणात फेटाळला आणि त्यामागे मानवी निष्काळजीपणा असतो, असे म्हटले. नियमानुसार कारच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. खाचांच्या तळाशी जी छोटी उंच पट्टी असते, तिच्या पातळीला नक्षी आली की ही मर्यादा संपली असे समजावे. समृद्धीवर २०२३ मध्ये परिवहन विभागाने गुळगुळीत टायरची वाहने प्रवेशद्वारावरून परत पाठवली होती, तेव्हा शिर्डीला निघण्यापूर्वी हे पाहून घ्या.

संत्रामळा

सर्वांचे आभार. वाडीनाका यांनी सांगितल्याप्रमाणे ट्रॉलीखाली जाऊन पाहिले. उजव्या टायरवर ३८२० आहे आणि भेगा वरवरच्या आहेत. डाव्यावर १२१३ आहे, आणि एका भेगेत नख सहज जाते. दोघांची नक्षी मात्र सारखीच नवी दिसते! डावा एकटाच बदलला तर चालेल का? आणि हंगामानंतर ट्रॉली ठेवावी कशी?

वाडीनाका

१२१३ चा टायर आजच उतरवा. एकटा बदलायचा असेल तर नवा टायर त्याच मापाचा, तितक्याच प्लायचा (आतील थरांचा) आणि त्याच प्रकारचा घ्या. एका एक्सलवर एकीकडे रेडियल (पोलादी तारांच्या पट्ट्यांचा) आणि दुसरीकडे साधा नायलॉन, असे करू नका. उंचीत फरक पडला तर ट्रॉली एका अंगाला झुकते आणि बुटक्या बाजूवर भार जातो. उजव्या टायरची भेग दर हंगामापूर्वी नखाने तपासत जा.

ठेवताना ट्रॉली रिकामी करून एक्सलखाली लाकडी ठोकळे लावा, म्हणजे टायरवर वजन राहणार नाही. हवा पूर्ण असू द्या, टायरवर बारदाना किंवा जुनी ताडपत्री टाका आणि खाली डिझेल, ऑइल सांडू देऊ नका. वेल्डिंगचे काम चालते त्या शेडमध्ये ती उभी करू नका, कारण तिथे ओझोन अधिक तयार होतो. पाऊस संपून अंबिया बहाराची (हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या) तोडणी सुरू होण्याआधी चाक हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐका आणि ग्रीस भरून घ्या.