मदत हवी आहे: विधानसभेत आमदार २८८ की २८९?

नमस्कार मंडळी. मी जतची. भाची नववीत आहे, सोमवारी त्यांच्या वर्गात अभिरूप विधानसभा भरणार आणि ती झालीये अध्यक्ष. भाषण लिहायचं काम अर्थातच मावशीच्या गळ्यात.

माझ्या जुन्या वहीत (एकेकाळी राज्यसेवेचा नाद होता) एकूण सदस्य २८९ लिहिलेत. तिच्या पुस्तकात २८८. आमच्या मतदार यादीवर ‘२८८ - जत’ असं छापलेलं असतं, म्हणजे मोजणी आमच्याच दारात संपते. मग हा २८९ वा कुठला?

दुसरं, वर्गात मुलं ६२. बाई म्हणाल्या, गणपूर्ती एक दशांश, म्हणजे सात जण बसले की कामकाज सुरू. बरोबर आहे का?

भाषणाची सुरुवात ‘सभापती महोदया’ अशी केलीये. घाईत आहे, प्लीज सांगा.

*

कराडहून: ताई, वही चुकलेली नाही, जुनी झालीये. २८८ निवडून येतात, १९७८ पासून तेवढेच. वर एक अँग्लो-इंडियन सदस्य राज्यपाल नेमायचे. १०४ व्या घटनादुरुस्तीने जानेवारी २०२० पासून ती सोय बंद झाली. बहुमताला १४५ लागतात, ते भाषणात घ्याच.

गणपूर्तीत मात्र बाईंचं अर्धंच बरोबर. घटनेत ‘दहा सदस्य किंवा एक दशांश, यांपैकी जास्त असेल ते’ असं आहे. २८८ ला २९ होतात, पण ६२ च्या वर्गाला सात चालणार नाहीत, दहा हवेत.

आणि सभापती विधान परिषदेचे हो! इथे ‘अध्यक्ष महोदया’.

शिराळ्याहून: तुमचं एक बरं आहे. आमचा जिल्हा सांगली, विधानसभा २८४ शिराळा, खासदार मात्र हातकणंगल्याचा. पाहुण्यांना समजावताना चहा गार होतो. राखीव जागांवर प्रश्न आला तर लांब जायला नको: सांगलीत मिरज, साताऱ्यात फलटण, दोन्ही अनुसूचित जातींसाठी. राज्यात अशा २९, शिवाय अनुसूचित जमातींच्या २५.

*

धागाकर्ती: दोघांचेही आभार. सभापती खोडून अध्यक्ष केलं, २८९ वर काट मारली. दहाचं मी बाईंना सांगणार होते, तर भाची म्हणते, “मावशी, तू नको. मी अध्यक्ष आहे, खुर्चीवर बसले की मीच मोजीन.”