लॅनमध्ये मॅक फिल्टर: गेटवेवर लावू की स्विचवर?

दोन_कार्डं: भोसरी एमआयडीसीतलं युनिट. २४ पोर्टचा मॅनेज्ड स्विच, १८ पीसी, एक प्रिंटर, हजेरीचं बायोमेट्रिक मशीन. गेटवे (लॅन आणि इंटरनेटमधलं दार) म्हणून लिनक्स, दोन लॅन कार्डं. येणारा-जाणारा कुणीही लॅपटॉपला केबल खोचतो आणि नेट सुरू. यादीतल्या मॅकनाच (लॅन कार्डाचा हार्डवेअर पत्ता) वाट द्यायची आहे. आयपीटेबल्समध्ये (लिनक्सची फायरवॉल) नियम टाकला तर भागेल का? जाणकारांनी सांगावे.

पॅकेटपुराण: अर्धंच भागेल. एकाच स्विचवरचे दोन पीसी आपसात बोलतात, ते गेटवेपर्यंत येतच नाही. पाहुण्याचं इंटरनेट बंद होईल, प्रिंटर आणि शेअर्ड फोल्डर मात्र मोकळेच.

तरी लावायचाच असेल तर: मॅक मॉड्यूल फक्त पाठवणाऱ्याचा पत्ता बघतं, आणि प्रीराउटिंग, इनपुट, फॉरवर्ड या तीनच चेनमध्ये (नियमांच्या साखळ्या) चालतं. आयपीव्ही६ साठी नियम वेगळे लिहावे लागतात, ते हमखास राहून जातात. त्यापेक्षा एनएफटीमध्ये (आयपीटेबल्सची नवी पिढी) इनेट टेबल करा, सगळे मॅक एका सेटमध्ये ठेवा, आयपीव्ही४ आणि ६ दोन्ही एकदम उरकतं. ड्रॉप पॉलिसी लावण्याआधी स्वतःच्या पीसीचा मॅक सेटमध्ये आहे ना ते बघा, नाहीतर एसएसएच (दुरून लॉगिन) तुटेल आणि कीबोर्ड-मॉनिटर घेऊन गेटवेपाशी बसावं लागेल.

दोन_कार्डं: नियम टाकून पाहिला. अनोळखी लॅपटॉपला आयपी तरीही मिळतोय. चुकलं कुठे?

पॅकेटपुराण: डीएचसीपी सर्व्हर (आयपी वाटणारा) आयएससी या संस्थेचा असेल तर चुकलं काहीच नाही. तो रॉ सॉकेटवर ऐकतो, पॅकेट फायरवॉलच्या आधीच उचलतो. अनोळखींना आयपी द्यायचा नाही हे त्याच्याच कॉन्फिगमध्ये सांगा.

गाठ_आणि_क्रिंप: खरी जागा स्विचचा पोर्ट. सिस्कोवर पोर्ट सिक्युरिटी चालू केली की डीफॉल्ट एकच मॅक, दुसरा दिसला की पोर्ट बंद. पहिले काही दिवस 'रिस्ट्रिक्ट' ठेवा: अनोळखी फ्रेम टाकल्या जातात, मोजणी वाढते, पोर्ट चालू राहतो. कुठे काय अडतंय ते त्यातून कळतं. 'स्टिकी'ने मॅक आपोआप शिकले जातात, पण कॉन्फिग सेव्ह केलं नाही तर लाइट गेल्यावर यादी कोरी.

अडतं ते इथे. आयपी फोनच्या मागे पीसी असेल तर मर्यादा किमान दोन. टेबलाखाली तपकीर गल्लीतला (पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार) पाच पोर्टचा स्विच निघाला तर सगळी मशीनं एकाच पोर्टवर दिसणार. व्हर्च्युअल मशीन ब्रिज मोडमध्ये (थेट लॅनला जोडलेली) असेल तर तिचा मॅक निराळा. केव्हीएमचा (लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन चालवणारं) साधारण ५२:५४:०० ने सुरू होतो. लॅपटॉपला यूएसबी-लॅन ॲडॉप्टर असेल तर मॅक सहसा ॲडॉप्टरचा. तो ज्याच्या हातात, त्याला परवानगी!

पॅकेटपुराण: +१. शिवाय मॅक बदलायला मिनिटही लागत नाही, आणि बायोमेट्रिक मशीनचा तर मागच्या स्टिकरवरच छापलेला असतो. ते आणि प्रिंटर वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवरचं वेगळं केलेलं नेटवर्क) टाका, तिथून इंटरनेट बंद. पीसींना जमलं तर ८०२.१एक्स (पोर्टवरच लॉगिन) आणि रेडियस (ते लॉगिन तपासणारा सर्व्हर).

दोन_कार्डं: रेडियस पुढे बघू. आधी वापरात नसलेले पोर्ट शटडाउन करतो आणि बाकीच्यांवर 'रिस्ट्रिक्ट' लावतो.

गाठ_आणि_क्रिंप: अपलिंक (दुसऱ्या स्विचकडे जाणारा पोर्ट) आणि गेटवेचा पोर्ट तेवढे वगळा.