बाप जेलात असलेल्या पोरांसाठी गट कसा चालवावा?

प्रश्न (आर्णी तालुका): माझा बाप नागपूरच्या जेलात होता तवा मी शाळा सोडून कापूस वेचाले गेलो. आता गावात तशीच चार पोरं आहेत. रविवारी पारावर बसवतो, पण कोणी तोंडच उघडत नाही.

उत्तर १: पारावर कोण बोलन भाऊ, अख्खं गाव ऐकते! वावरात न्या. पहिले तुमचंच सांगा.

उत्तर २: बोलणं मागून. पोरांच्या सांभाळाले सरकार पैसे देते त्या बालसंगोपन योजनेचा अर्ज भरा, बाप तुरुंगात असलेल्या अठराच्या आतल्या पोरांसाठीही आहे ते. अन् कोठडीतल्या माणसाले जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देते, उत्पन्नाची अट नाही.

प्रश्नकर्ता: अर्जाचं जमन. एक पोरगा भेटीले जायाले लाजते, त्याच्यासंग मीच जातो.